गोकर्ण

(गोकर्णी; सं. अपराजिता, गिरिकर्णिका, कुल – शिंबावंत). मुंबईत गॅलरीच्या ग्रिलवर, चाळीच्या कठड्यावर आणि सोसायटीच्या तारेच्या कुंपणावर दिसणारी ही नाजूक, बहुवर्षायू वेल वाल-चवळीच्या कुलातली आहे. क्लायटोरिया टर्नेटिया हे तिचे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. शहरात ती लावतात देवपूजेसाठी: पांढरी शंकराला, निळी शनीला. चारा, हिरवळीचे खत आणि खाण्याचा रंग देणारी वनस्पती म्हणून तिची ओळख इथे फारशी नाही, आणि ती व्हायला हवी.

पान संयुक्त, ५ ते ७ पर्णिकांचे (छोट्या पानांचे). फूल मात्र कुलातल्या इतर फुलांच्या मानाने उलटे असते. मोठी पाकळी वर न राहता खाली पसरते, त्यामुळे आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला पराग लागतात. तरी बहुतेक फुलांत स्वपरागणच होते, म्हणून उंच मजल्यावरच्या एकट्या कुंडीतल्या वेलीलाही शेंगा धरतात. शेंग चपटी, ५ ते १० सेंमी. लांब. एकेरी व दुहेरी पाकळ्यांचे प्रकार बाजारात मिळतात.

निळा रंग टर्नाटिन या अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. पाकळ्या गरम पाण्यात घातल्या की गडद निळा अर्क उतरतो. लिंबू पिळल्यावर तो जांभळा-गुलाबी, खाण्याचा सोडा घातल्यावर हिरवट होतो. आम्ल-अल्कली शिकवायला याहून स्वस्त साधन शाळेला मिळणार नाही. मलेशियात या रंगाचा भात करतात, थायलंडमध्ये सरबत. मुंबईच्या कॅफेंत मिळणाऱ्या ‘निळ्या चहा’त चहाची पत्ती नसते, त्यामुळे कॅफीनही नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. बी आणि मूळ रेचक (जुलाब करणारी) आहेत. ती घरच्या घरी औषध म्हणून घेऊ नयेत.

मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, त्यामुळे जमीन सुधारते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये गुरांच्या चराईसाठी हिची लागवड होते; वेलीतल्या सायक्लोटाइड या प्रथिनांमुळे तिथे कापसासाठी जैविक कीटकनाशकही तयार झाले आहे.

लागवड : बियांचे कवच कठीण असते. कानशीवर किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवल्यास उगवण चांगली होते. रोपाला भरपूर ऊन आणि चढायला दोरी किंवा जाळी लागते. साधारण दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. ही वेल पाण्याचा ताण सोसते, साचलेले पाणी नाही. मुंबईचा वार्षिक पाऊस २,००० मिमी.हून अधिक, त्यामुळे इथे वेल मरते ती बहुधा जुलैत मुळे कुजून. पावसाळ्यापूर्वी कुंडीची भोके मोकळी करावीत, मातीत वाळू मिसळावी आणि खालची ताटली काढून टाकावी. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाला माजतो, फुले कमी येतात. मूठभर शेणखत पुरते. उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी पडतात; पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, नंतर निंबोळी अर्क. पावसाळ्यानंतर जुन्या फांद्या छाटल्या की नवी फूट येते. बियाण्यासाठी शेंगा तपकिरी होताच तोडाव्यात, कारण वाळल्यावर त्या तडकून बी दूर उडते.