पापड, इस्त्री आणि जहाजाची फळी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून गोव्यात, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवून, एक जहाज बांधलं गेलं. २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात दाखल झालं, पुढे पोरबंदरहून मस्कतपर्यंत गेलंही. त्या फळ्यांना बाक दिला तो वाफेने. तेवढ्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर फिरू लागला की ‘आपले पूर्वज लाकूड मेणासारखं वितळवत’. कुणीही वितळवत नव्हतं. लाकूड वितळत नाही, तापवत राहिलात तर जळतं. पूर्वजांचं कौतुक जरूर करा, पण त्यांनी जे केलं त्याचं करा.

मग वाफेने होतं काय? आमच्या सुतारकाकांचं उत्तर सोपं होतं: ‘लाकूड पाणी पितं आणि मऊ पडतं, चहात बुडवलेल्या पावासारखं.’ बहुतेकांना असंच वाटतं. पण होडीची फळी वर्षानुवर्षं खाडीच्या पाण्यात असते, ती कुठे पावासारखी होते? मी आइस्क्रीमच्या काड्यांवर करून पाहिलं. एक काडी रात्रभर गार पाण्यात ठेवली, दुसरी अर्धा तास उकळली. पहिली थोडी लवली आणि काडकन तिचे तंतू उभे राहिले. दुसरी मुकाट्याने पेल्याभोवती बसली. म्हणजे मुख्य काम उष्णतेचं. पाणी मदतनीस आहे, पण मदत मोठी करतं.

लाकडाची रचना थोडीफार आरसीसीसारखी असते. सेल्युलोजचे लांब तंतू म्हणजे सळया, त्यांना धरून ठेवणारं काँक्रीट म्हणजे लिग्निन, आणि दोघांना सांधणारं हेमिसेल्युलोज. कोरड्या लाकडाच्या वजनात लिग्निन साधारण पाव हिस्सा असतं. गार असताना ते काचेसारखं कडक असतं, त्याच्या रेणूंच्या गुंतवळ्याला हलायला जागाच नसते. तापत तापत एका मर्यादेपलीकडे गेलं की तो गुंतवळा सैल होतो आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. या मर्यादेला काचसंक्रमण तापमान असं जड नाव आहे. हे वितळणं नव्हे. पदार्थ घनच राहतो, फक्त काचेचा रबरासारखा होतो. कोरड्या लिग्निनची ही मर्यादा दीडशे-दोनशे अंशांच्या घरात असते, आणि तिथवर पोचेतो लाकूड करपायला लागतं. इथे पाणी उपयोगी पडतं. साखळ्यांना एकमेकींशी जखडणारे हायड्रोजन बंध असतात. पाण्याचे इवलेसे रेणू मध्ये घुसून तिथे स्वतः बंध जोडतात, आणि मर्यादा शंभर अंशांच्या आत उतरते. सेल्युलोजचे स्फटिक मात्र ढिम्म हलत नाहीत, म्हणून वाकवलेल्या लाकडाची ताकद बरीचशी टिकते.

हे डोक्यावरून गेलं असेल तर पापड भाजा. विस्तवावरून उतरवलेल्या उडदाच्या पापडाची लगेच गुंडाळी करता येते, चार-पाच सेकंदांनी केलीत तर चुरा होतो. तिथे लिग्निनऐवजी स्टार्च आहे, पण तऱ्हा तीच. सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो, तेव्हाही ओल्या उष्णतेने बंध सैल होतात आणि कापड वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. बुरूड बांबू नुसत्या जाळावर धरून वाकवतात, तिथे पाणी बांबूच्या अंगातलंच असतं. म्हणून वाकवायचं लाकूड थोडं ओलसर हवं. भट्टीत खडखडीत वाळवलेलं मोडतं. अमावास्येला तोडलेलं लाकूड चांगलं, असं सांगणारे भेटतात. त्यांनी चंद्र सोडून ओलावा मोजावा.

पण वाफच का, गरम हवा का नको? गरम हवा लाकूड वाळवते. शिवाय शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ थंड लाकडावर पाणी होऊन बसताना सुमारे ५४० कॅलरी देऊन जाते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. तरी लाकूड उष्णतेचं दुर्वाहक, आत गरमी हळूहळूच शिरते. म्हणून कारागिरांचा हिशेब आहे, एक इंच जाडीला एक तास वाफ.

आता खरी गंमत. अडीच सेंटिमीटर जाड पट्टीचा अर्धवर्तुळाकार बाक करा, आतली त्रिज्या १० सेंटिमीटर. आतली कड भरते ३१.४ सेंटिमीटर, बाहेरची ३९.३. हा आठ सेंटिमीटरचा फरक आणायचा कुठून? वाफवलेलं लाकूड ताणलं तर जेमतेम दोन टक्के वाढतं, पण दाबलं तर पाव हिश्शापर्यंत आखडू शकतं. दाबाने पेशींच्या भिंतींना बारीक सुरकुत्या पडतात, इतकंच. म्हणजे बाहेरची कड ताणू न देता सगळा फरक आतून आखडून भरून काढायचा. मूळचे जर्मनीतल्या बोपार्डचे आणि पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेले फर्निचर कारागीर मिखाएल थोनेट यांनी नेमकं हेच साधलं. त्यांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावून दोन्ही टोकं आवळली. आता लाकूड वाकलं तरी लांबायला वाव नाही. १८५६ साली त्यांना पेटंट मिळालं, १८५९ साली त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतली गोल पाठीची खुर्ची याच घराण्यातली.

जहाजाची फळी एवढी वळत नाही, तिला लांबट बाक आणि थोडा पीळ पुरतो. पण शिवलेल्या जहाजांच्या परंपरेत आधी फळ्यांचं कवच उभं राहतं आणि फासळ्या मागून बसतात, त्यामुळे आकार फळ्यांनाच धरावा लागतो. जाड फासळ्यांसाठी वाफेच्या भानगडीत न पडता बाभळीसारख्या झाडाची मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधतात. ही अक्कल मला वाफेपेक्षाही आवडते.

वाफेच्या पेटीतून काढलेलं लाकूड फार वेळ देत नाही, दोन-चार मिनिटांत साच्यावर चढवावं लागतं. थोडं जास्तच वाकवायचं, कारण सोडल्यावर ते जरा मागे येतं. आणि वाळेपर्यंत सोडायचं नाही. माझ्या काडीचं कडं दोन दिवस पेल्याला बांधून ठेवलं होतं, नंतर खिडकीत ठेवलं. पहिल्या पावसाच्या दमट हवेत त्याची टोकं बोटभर फाकली.