डिग्री एका विषयाची, पीजी दुसऱ्याच विषयात: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची माहिती

बी.कॉम. करून एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पीजीला) जाता येतं का? येतं. बी.ई. करून एम.ए. मराठी? बहुतेक ठिकाणी येतं. बी.ए. करून एम.एस्सी. केमिस्ट्री? नाही येत. 'विषय बदलता येतो का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर मिळणारं उत्तर तर मुळीच धरून चालू नये. माहितीपत्रकात 'पात्रता' या मथळ्याखाली 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलंय, की 'संबंधित विषय पदवीला अभ्यासलेला असावा' असं, एवढं आधी वाचा. निम्मा निकाल तिथंच लागतो.

पत्रकारिता, समाजकार्य, एमबीए यांना साधारणपणे कोणतीही पदवी चालते. एमबीएला खुल्या गटासाठी 50 टक्के लागतात. कर्नाटकात त्यासाठी केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एमसीएला (कॉम्प्युटरच्या पीजीला) बारावीत किंवा पदवीत गणित होतं का, हे विचारलं जातं. कला शाखेची बरीच मुलं इथं अडकतात. विज्ञानाचे विषय सगळ्यात कडक.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जून 2024 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा काढला. राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाल्यास पदवीचा विषय कोणताही असला तरी दुसऱ्या विषयात प्रवेश देता येईल, असं त्यात आहे. ऐकायला छान आहे. पण खिडकीवरचा कारकून आराखडा बघत नाही, त्या वर्षाचं माहितीपत्रक बघतो.

विषय बदलणाऱ्याने सीयूईटी-पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, विचार जरूर करावा, असं माझं मत. इथं पदवीच्या गुणांपेक्षा नव्या विषयाच्या पेपरला महत्त्व मिळतं. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये) समाजकार्याला कोणत्याही शाखेचे पदवीधर याच परीक्षेतून जातात. पेपर 75 प्रश्नांचा, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. मात्र अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर जागं होणाऱ्यांसाठी ही गाडी गेलेली असते.

आता कागदपत्रं. एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड (नाव आणि जन्मतारीख यावरूनच धरतात), पीयूसीचं म्हणजे बारावीचं मार्क्स कार्ड, डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल (तात्पुरतं प्रमाणपत्र), टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), आधार, फोटो. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, म्हणजे आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र. 2010 मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. त्याआधी बेळगावच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. ते आज घराजवळ एम.ए.ला बसले तरी कागदोपत्री 'बाहेरचे', म्हणजे मायग्रेशन धारवाडहून आणणं आलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाणाऱ्यांना तर ते लागतंच.

खरा घोळ नावात होतो. इकडच्या मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, 'पाटील एस. आर.', आणि आधारवर पूर्ण नाव, आडनाव शेवटी. सीमा ओलांडली की महाराष्ट्रात आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. अर्जात नाव एसएसएलसीवर आहे तसंच भरा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा. पडताळणीच्या दिवशी नोटरी शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळतात. बाहेर अर्ज करणार असाल तर ते इंग्रजीत मागून घ्या. कन्नड दाखला कोल्हापुरात किंवा हैदराबादेत कुणी वाचणार नाही आणि भाषांतराचा खर्च तुमच्याच अंगावर. मराठा समाजाला कर्नाटकात 3बी हा मागासवर्गाचा प्रवर्ग मिळतो, पण ते राज्याच्या यादीपुरतं. केंद्राची ओबीसी यादी वेगळी असते, तिचा दाखलाही वेगळ्या नमुन्यात. सीयूईटीच्या अर्जात डोळे झाकून ओबीसीवर टिचकी मारू नका. महाराष्ट्रातही इथल्या जातीच्या दाखल्यावर आरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या) एमबीए, एमसीए प्रवेशात मात्र वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे. आपलं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत आहे का, हे बघा. शिक्षण सीमाभागात झाल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. त्याचा नमुना माहितीपुस्तिकेतच छापलेला असतो, त्याच नमुन्यात घ्या. सरपंचांच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. सीईटी द्यावी लागतेच.

नोकरी सोडता येत नसेल तर इग्नू हे दूरस्थ शिक्षणाचं मुक्त विद्यापीठ आहे: समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास अशा विषयांत एम.ए.ला कोणतीही पदवी चालते. आणि एका विषयात नियमित पीजी चालू असतानाच दुसऱ्या विषयाचं दूरस्थ पीजी करायला यूजीसीने 2022 पासून परवानगी दिली आहे. त्या दूरस्थ कोर्सला यूजीसीची मान्यता आहे का, एवढं फी भरण्याआधी तपासा; आणि मूळ टीसी एकच असते, ती कुठं द्यायची तेही.