सीक्रेट सँटा मुळात सीक्रेट कशासाठी?

डिसेंबर लागला की विजय नगरातल्या आमच्या ऑफिसात चिठ्ठ्या निघतात, ज्याचं नाव येईल त्याला तीनशेच्या आत काहीतरी द्यायचं, आणि दरवर्षी अर्ध्या लोकांना कॉफीचा मगच मिळतो. याला आम्ही सीक्रेट सँटा म्हणतो. पण अमेरिकेत ज्या लॅरी स्टुअर्टला हे नाव पडलं तो कॉफीचे मग वगैरे नाही, सरळ नोटा वाटायचा, आणि घेणारे खरोखरच अडचणीतले असायचे.

मूळ गोष्ट पार चौथ्या शतकातली. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस, गावात एका बापाचं सगळं बुडालेलं, तीन मुली लग्नाच्या आणि हुंड्याला पैसा नाही (हो, तिकडेही हुंडा), तर हा रात्री जाऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून यायचा. असं तीनदा. तिसऱ्यांदा बाप जागाच होता, त्याने गाठलंच, तर निकोलस म्हणाला मी जिवंत आहे तोवर कोणाजवळ बोलू नकोस. आता ही दंतकथा आहे, पण याच निकोलसचा डच लोकांनी सिंटरक्लास केला आणि त्याचा पुढे सँटा क्लॉज झाला. स्वीडनमधे तर दार ठोठावायचं, भेट आत फेकायची आणि पळून जायचं अशी जुनी पद्धत होती.

"उजव्या हाताचं डाव्याला कळू नये" हे आपण इतक्या वेळा बोलतो की आपलंच वाटतं, बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातही जवळपास हेच आहे. त्यात रोख देणाऱ्यावर, त्याने मिरवू नये म्हणून. आमच्या इंदूरच्या देवळांत फरशीवर "गुप्तदान ११०१" कोरलेलं असतं आणि कोणी दिलं ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं, तो भाग वेगळा. पण निकोलसने लपवलं ते मुलींच्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून, असं मला वाटतं, आणि पुढची सगळी परंपरा मला तशीच दिसते.

लॅरी स्टुअर्टचंच घ्या. १९७१ची थंडी, मिसिसिपीतलं ह्यूस्टन गाव, हा तरुण सेल्समन, कंपनी बुडाली म्हणून गाडीतच झोपतोय, जवळजवळ दोन दिवस पोटात काही नाही. एका चर्चमधे मदत मागायला गेला तर मदत करणारे साहेब घरी गेलेत, उद्या या. शेवटी डिक्सी डायनर नावाच्या हॉटेलात पोटभर नाश्ता केला आणि बिल आलं तेव्हा पाकीट हरवल्याचं नाटक करत खाली शोधायला लागला. मालक टेड हॉर्न आला, वाकल्यासारखं केलं आणि वीस डॉलरची नोट पुढे धरली, ही तुमचीच पडली असेल. लॅरीला खरंच आधी वाटलं की कोणाची तरी पडलीय!

आमची आजी रामबागेतल्या घरी पोळ्यावाल्या मावशींबरोबर हेच करायची, पन्नासची नोट त्यांच्या पिशवीपाशी टाकायची आणि मग ओरडायची, "अगं, तुझी नोट पडली बघ, नीट ठेवत जा की!" वरून रागवायची पण.

१९७९च्या ख्रिसमसच्या आठवड्यात लॅरीची नोकरी पुन्हा गेली. गाडीतच बसून खायच्या एका ड्राइव्ह-इन हॉटेलवर पातळ कोट घालून थंडीत ऑर्डर आणून देणारी बाई दिसली, तिला वीसची नोट दिली, सुटे राहू द्या म्हणाला, ती रडायलाच लागली. तिथून सुरुवात. पुढे केबल टीव्ही आणि फोनच्या धंद्यात पैसा आला तशी पाच-दहाची नोट शंभरवर गेली, मुख्यतः कॅन्सस सिटीत, आणि २६ वर्षांत साधारण १३ लाख डॉलर वाटले. पत्ता कोणालाच नाही. नाव सांगितलं ते २००६च्या नोव्हेंबरमधे, कॅन्सर झाल्यावर, आणि जानेवारी २००७मधे गेला. त्याआधी हॉर्नला शोधून दहा हजार डॉलर देऊन आला होता.

२०११मधे के-मार्ट नावाच्या अमेरिकन दुकानांमधे वेगळीच लाट आली, लोक थोडे थोडे पैसे भरून खेळणी-कपडे दुकानातच राखून ठेवायचे आणि कोणीतरी अनोळखी येऊन त्यांची बाकी भरून जायचं.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९३३चा किस्सा. महामंदी, ओहायोतलं कँटन गाव, पेपरात बी. व्हर्डो नावाने जाहिरात आली, अडचण लिहून कळवा, ७५ कुटुंबांना दहा-दहा डॉलर मिळतील, नाव कुठे फुटणार नाही. पत्रं इतकी आली की शेवटी पाच-पाच करून १५० घरांना दिले. व्हर्डो कोण ते गावाला कळलंच नाही. २००८मधे त्याच्या नातवाला आईकडून एक जुनी सुटकेस मिळाली, आत सगळी पत्रं, आणि कळलं की व्हर्डो म्हणजे आजोबा सॅम स्टोन, रोमानियातून आलेले ज्यू. नाव तीन मुलींच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं: बार्बरा, व्हर्जिनिया, डोरोथी.