छतातले व भिंतीतले स्पीकर : ग्वाल्हेरची घरे

फॉल्स सीलिंगमध्ये किंवा भिंतीच्या पोकळीत बसवलेले, बाहेरून फक्त जाळी दिसणारे स्पीकर. घरभर संगीत ऐकणे आणि होम थिएटर ही त्यांची दोन कामे. दोन्हींच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत, की सगळ्या घरासाठी एकाच मॉडेलचे स्पीकर घाऊक घेणे टाळावे.

इन-वॉल, म्हणजे भिंतीतला प्रकार अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, जिप्सम बोर्ड लावलेल्या पोकळ भिंतींत सहज बसतो. ग्वाल्हेरात तशी भिंत क्वचितच सापडते. लष्कर या शहराच्या जुन्या भागातल्या घरांना जाड दगडी भिंती आणि वर गर्डरवर टाकलेल्या दगडी पट्ट्या असतात. नव्या फ्लॅटांत विटा आणि आरसीसी स्लॅब. साडेचार इंची वीटभिंतीत स्पीकरसाठी चार इंच खोल खाच पाडणे म्हणजे भिंतच गमावणे. त्यामुळे इथे छतासाठी फॉल्स सीलिंग आणि टीव्हीमागे प्लाय किंवा जिप्समचे पॅनेल हाच शहाणा मार्ग. स्पीकरचा भार आणि कंप जिप्सम बोर्डावर न सोडता वरच्या पत्र्याच्या सांगाड्यावर घ्यावा. नाहीतर खर्जाला छत थरथरते. मागे बंद बॉक्स असलेला स्पीकर घेतला, तर आवाज शेजारच्या खोलीत कमी झिरपतो आणि पोकळीतली धूळही आत जात नाही.

शंकर गांधर्व महाविद्यालय (1914) आणि माधव संगीत महाविद्यालय (1918) यांच्या या शहरात मराठी घरांत ख्याल ऐकणारे कान आहेत, आणि निवड त्यांच्यापासून सुरू व्हावी. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल, तर तानपुऱ्याची जोडी सुमारे 139 हर्ट्झवर आणि खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. चार इंची स्पीकर तिथपर्यंत जेमतेम पोहोचतो. तानपुरा ऐकू येतो, पण त्याचा पाया जातो. बैठकीच्या खोलीत किमान साडेसहा इंची, जमल्यास आठ इंची जोडी हवी. स्वयंपाकघरात बातम्या आणि भजनांपुरता लहान स्पीकर चालतो, मात्र तो ओल सोसणारा असावा.

थिएटरच्या खोलीत हिशोब उलटतो. संवाद पडद्यावरूनच आले पाहिजेत, म्हणून पुढचे तिन्ही स्पीकर (डावा, मधला, उजवा) छतात बसवणे ही माझ्या मते सर्वांत खटकणारी तडजोड आहे. ते कानाच्या उंचीजवळ, पॅनेलमध्येच असावेत. 5.1 रचनेत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर) मागचे दोन श्रोत्याच्या समोरच्या दिशेपासून 110 ते 120 अंशांवर येतात. छतातल्या स्पीकरची खरी जागा डॉल्बी ॲटमॉस या, डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या पद्धतीच्या वरच्या वाहिन्यांत आहे, 5.1.2 मधला शेवटचा आकडा तीच जोडी मोजतो. जमिनीवरच्या सबवूफरकडे साधारण 80 हर्ट्झखालचा आवाज सोपवला, की बाकीच्यांवरचा ताण हलका होतो.

ॲम्प्लिफायरची जोडणी दुर्लक्षित राहते. 8 ओहमचे चार स्पीकर एकाच वाहिनीवर समांतर जोडले, तर भार 2 ओहमवर उतरतो आणि साधा ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. खोल्या वाढल्या की मल्टी-झोन, म्हणजे प्रत्येक खोलीला वेगळा आवाज देणारा ॲम्प्लिफायर घ्यावा. तो फॉल्स सीलिंगच्या पोकळीत ठेवू नये. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात गच्चीखालची ती जागा भट्टी असते. लांब अंतराला 14 गेजची तांब्याची तार, विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून, प्लास्टरच्या आधीच ओढून घ्यावी.