नोकरी गेली तर राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा: हक्काचे पैसे, अर्ज आणि कागदपत्रं

“राजीनामा लिहून दे, रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल.” कामावरून काढताना हे इतक्या सहज सांगितलं जातं की समोरचा माणूस पेन हातात घेतोही. माझ्या धाकट्या भावाने घेतलं. नऊ वर्षांची नोकरी होती, म्हणजे नोकरकपातीच्या नुकसानभरपाईपोटी साधारण साडेचार महिन्यांचा पगार त्याला मागता आला असता. त्या चार ओळींच्या कागदाने तो दावा जवळजवळ संपवला. म्हणून सगळ्यात आधी हे: कंपनी काढत असेल तर तसं कंपनीनेच लेखी द्यावं. तोंडी “उद्यापासून येऊ नका” सांगितलं असेल, तर त्याच दिवशी ईमेल करून तारखेसह लेखी आदेश मागा.

नोकरकपात म्हणजे रिट्रेंचमेंट: शिक्षा म्हणून नव्हे, तर इतर कारणाने कंपनीने कामावरून कमी करणं. किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं म्हणूनच्या निधीतून) ४५ दिवसांत खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. व्यवस्थापक आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचे सुपरवायझर यात येत नाहीत. राहिलेला पगार मात्र सगळ्यांचाच, आणि वेतन संहितेनुसार तो दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. काढलं असो की राजीनामा दिला असो.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं केलेल्या नोकरीबद्दल ती सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. यावर जरा थांबून बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच सुटतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती मिळते, अगदी स्वतःहून राजीनामा दिला तरी. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर आता एका वर्षानंतरही, प्रमाणात मिळते. हिशेब असा: शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. १८,००० रुपयांवर ७ वर्षं ८ महिने केले असतील तर आठ वर्षं धरून ८३,०७७ रुपये होतात.

पण “पगार” म्हणजे कुठला आकडा? पूर्वी बेसिक आणि महागाई भत्ता एवढंच बघत. नव्या संहितांमधल्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग पगारात धरावा लागतो. पगाराची स्लिप समोर घ्या. एकूण ४०,००० आणि बेसिक फक्त १४,००० दिसतंय? म्हणजे भत्ते २६,०००. निम्मे २०,०००, वरचे ६,००० बेसिकमध्ये मिळवा. हिशेब २०,००० वर व्हायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून पुढे नोकरी सुटलेल्यांनी हे स्वतः मोजूनच बघावं, एचआरच्या आकड्यावर भागवू नये.

ग्रॅच्युइटीचा अर्ज नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत कंपनीकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या काळाचं व्याज लागतं. टाळाटाळ झालीच तर प्रकरण कामगार खात्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे न्यायचं. आपल्या भागासाठी तो कोण, हे कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. आदेश होऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा. यात सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, पण आयुष्यात एकदाच. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की दावा करता येतो. त्यासाठी मालकाची सही लागत नाही. विमाधारक म्हणून ईएसआयसीच्या (या विम्याच्या महामंडळाच्या) संकेतस्थळावर लॉगिन करायचं, आधार आणि बँक खात्याची प्रत द्यायची. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मदत नाही. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, तेव्हा जवळच्या शाखा कार्यालयात तारीख विचारूनच जा. आणखी एक, घरात आजारी माणूस असेल तर फार मोलाचं: नोकरी गेली म्हणून ईएसआयचे औषधोपचार त्याच दिवशी बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत हक्क राहतो.

पीएफ शक्य तितका हलवू नका. काढावाच लागला तर एकूण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तेव्हा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो. आधीच्या नोकरीचं खातं जोडून घेतलं असेल तर ती वर्षंही धरली जातात. कंपनी नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन भरता येते.

कागदांसाठी आजची रात्र वापरा, उद्या कंपनीचं लॉगिन बंद झालेलं असेल. निदान वर्षभराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र, फॉर्म १६ आणि हजेरीची नोंद स्वतःच्या मेलवर घ्या. नियुक्तीपत्र मिळालंच नव्हतं? मग पीएफचं पासबुक काढा. त्यात मालकाचं नाव आणि पहिल्या वर्गणीचा महिना असतो. पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट त्याला जोडलं की नोकरीचा पुरावा उभा राहतो. भावाच्या ग्रॅच्युइटीला शेवटी हेच दोन कागद कामी आले.

वकिलाच्या फीच्या भीतीने गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. साधा अर्ज, ओळखपत्र आणि वरचे कागद घेऊन जा, किंवा आधी १५१०० वर फोन करा.