मुंबईच्या किनाऱ्यावरून ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये: 'सी माय फ्रेंड्स'ची पार्श्वभूमी

पाश्चात्त्य रॉकमध्ये भारतीय सूर कधी शिरला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: बीटल्स, जॉर्ज हॅरिसन आणि सतार. सतार असलेलं त्यांचं 'नॉर्वेजियन वुड' डिसेंबर १९६५मध्ये आलं, हे खरंच. पण त्याआधी, त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस 'द किंक्स' या लंडनच्या बँडचं 'सी माय फ्रेंड्स' बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यात सतार नाही, तबला नाही. आहेत त्या गिटारीच. तरीही गाण्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे.

किंक्समधले रे आणि डेव्ह डेव्हिस हे उत्तर लंडनचे सख्खे भाऊ. १९६४मध्ये 'यू रिअली गॉट मी'ने त्यांना पहिल्या क्रमांकावर नेलं. अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, स्पीकरचा कागदी पडदा डेव्हने ब्लेडने चिरला होता. त्या फाटक्या, करकरीत आवाजावर लोक फिदा झाले. मागण्या वाढल्या, दौरे वाढले. जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना बँडचा मुक्काम मुंबईत पडला.

रेने नंतर सांगितलेली आठवण अशी: सकाळी लवकर उठून तो समुद्रावर गेला. आधी फक्त एका लयीतलं गाणं ऐकू आलं. ते हळूहळू जवळ आलं, तेव्हा दिसलं की जाळी घेऊन मच्छीमार कामाला निघालेत. म्हणजे ना मैफल, ना राग. पोटापाण्याच्या वाटेवरचं सामूहिक गाणं होतं ते. पुढे रॉकवाले भारतीय संगीताकडे वळले ते बहुतेक शास्त्रीय मैफलीच्या दारातून. रे मात्र आला तो किनाऱ्याच्या बाजूने. मला या गाण्याचं खरं वेगळेपण इथेच वाटतं.

लंडनला परतल्यावर हा परिणाम साधायचा कसा? बारा तारांची गिटार अँपजवळ नेऊन फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारा घुमारा, घेतला गेला. एकच स्वर तानपुऱ्यासारखा खाली घुमत राहतो, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) जेमतेम बदलतात, आणि रे त्याच त्या दोन-चार सुरांत नाकातून, ओढून गातो. निर्माता शेल टाल्मी. थोडं आधी यार्डबर्ड्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी सतारवादक बोलावून पाहिला होता. ते जमेना, तेव्हा त्यांच्या गिटारवादक जेफ बेकने गिटारवरच सतारीचा भास उभा केला. थोडक्यात, हवा तयार होत होती.

शब्दांची गोष्ट निराळी. गाण्यातली, नदीपलीकडे निघून गेलेली 'ती' म्हणजे आपली मोठी बहीण रेनी, असं रेने सांगितलंय. १९५७मध्ये तिने त्याला तेराव्या वाढदिवसाची भेट म्हणून गिटार दिली आणि लगेचच लंडनच्या एका डान्स हॉलमध्ये नाचता नाचता ती गेली. हृदयाचं जुनं दुखणं होतं.

अमेरिकेत गाणं टॉप हंड्रेडमध्येही आलं नाही. त्यातच तिथल्या संगीतकार संघटनेशी बिनसल्यामुळे किंक्सना १९६९पर्यंत अमेरिकेचा दौरा करता आला नाही. आणि खुद्द रेनेही ही वाट पुढे फारशी धरली नाही. काही महिन्यांत तो इंग्रज मध्यमवर्गाची टर उडवणारी गाणी लिहू लागला, १९६७मध्ये 'वॉटर्लू सनसेट'पर्यंत पोचला, आणि भारतीय सुराचं श्रेय सतारवाल्यांच्या खात्यावर जमा झालं.