दिव्यांगांसाठी घरगुती आपत्कालीन संच

पूर, आग, भूकंप किंवा तासन्‌तास गेलेली वीज अशा प्रसंगी बाहेरून मदत पोचेपर्यंत दिव्यांग व्यक्तीचा दिनक्रम अडू नये, म्हणून घरात आधीपासून तयार ठेवलेले साहित्य, औषधे आणि कागदपत्रे. बोलताना याला ‘इमर्जन्सी बॅग’ म्हणतात. पण सगळे एका बॅगेत मावत नाही. साधारण ३ दिवस कोणी येणार नाही असे धरून साठा करतात. रोजची औषधे मात्र आठवडाभर पुरतील इतकी जादा असलेली बरी, कारण पूर ओसरला तरी दुकाने लगेच उघडत नाहीत.

पाणी, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा ही यादी कोणत्याही घराला लागू पडते आणि ती सर्वांना ठाऊक असते. दिव्यांग व्यक्तीच्या संचात महत्त्व असते ते ज्यांच्यावाचून तिचे पान हलत नाही अशा एक-दोन वस्तूंना. त्या कोणत्या, हे दिव्यांगत्वाच्या प्रकारावरून ठरत नाही. पक्षाघात झालेल्या दोघांच्या गरजाही सारख्या नसतात. म्हणून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हात कशाकशाला लागतो आणि कुठे दुसऱ्याचा हात लागतो, हे त्या व्यक्तीनेच लिहावे किंवा सांगावे. घरच्यांनी परस्पर केलेल्या यादीत औषधे हमखास असतात. जाड दांड्याचा चमचा, कमोडची खुर्ची, चष्म्याची दुसरी जोडी हे राहून जाते.

नाशिकची परिस्थिती : गोदावरीचा पूर नाशिकला बहुधा सांगून येतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे जाहीर होते, आणि गोदाघाटावरची माणसे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले की छातीला, यावरून पुढचा अंदाज बांधतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर शहराच्या लक्षात आहेत. अशा वेळी सराफ बाजार, भांडी बाजार हा भाग पाण्याखाली जातो. खाली निफाड तालुक्यात सायखेडा आणि चांदोरीला वेढा पडतो. पाणी सोडल्यापासून ते घाटावर चढेपर्यंत मिळणारा वेळ धडधाकट माणसाला पुरतो. जुन्या वाड्याच्या अरुंद लाकडी जिन्यावरून व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला उतरवायचे तर दोन-तीन जण लागतात, आणि तेच दोन-तीन जण त्या घडीला आपापल्या दुकानातला माल वर चढवत असतात. नदीकाठच्या किंवा काझीची गढी या नदीलगतच्या जुन्या टेकाडावरच्या अशा घराने विसर्ग वाढल्याची पहिली बातमी कळताच निघावे. शेजारी निघतात का हे पाहत बसू नये.

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको या बाजूच्या बहुतेक इमारतींत अडचण वेगळी असते. पाणी दारात येत नाही. लाईट जाते, लिफ्ट थांबते, टाकीत पाणी चढत नाही, आणि पाचव्या मजल्यावरचा माणूस घरातच अडकतो. त्यामुळे नाशिकच्या घराने दोन वेगळ्या गोष्टी तयार ठेवायच्या असतात : एक, उचलून निघता येईल अशी पिशवी, दुसरा, घरात तग धरण्यासाठीचा साठा. बाजारात मिळणारे तयार संच हा फरक करत नाहीत, आणि हीच त्यांची मोठी उणीव आहे.

विजेवर चालणारी साधने : घरात राहायच्या साठ्यातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॅट वीज खाते. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवरची असली, तरी गळती धरता त्यावर हे यंत्र ३-४ तास चालते, तेही बॅटरी नवी असेल आणि पंखे बंद असतील तर. ‘इन्व्हर्टर आहे ना’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. त्यापुढच्या वेळेसाठी सिलिंडर लागतो. ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो साधारण १२ तास पुरतो. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवावा. अंधारात पाना शोधण्याइतका वेळ नसतो.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीखालची हवेची गादी पंपावर फुगलेली असते. पंप थांबला की ती हळूहळू बसते आणि पाठ थेट पलंगाच्या फळीवर टेकते. अशा घरात जाड फोमची गादी हाताशी ठेवावी आणि दर २ तासांनी कूस बदलावी, नाहीतर एका रात्रीत जखमेची सुरुवात होते. विजेची व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी हाताने ढकलायची साधी खुर्ची, मग ती जुनी का असेना, मोडीत काढू नये. हवेची चाके असतील तर जादा ट्यूब आणि सायकलचा पंप ठेवावा.

कानातल्या मशीनचे झिंक-एअर सेल त्यांवरचा रंगीत चिकट कागद काढताच हवेच्या संपर्काने काम सुरू करतात, आणि कागद परत चिकटवला तरी थांबत नाहीत. म्हणून ‘तयारी’ म्हणून ते आधीच सोलून ठेवू नयेत. नाशिकच्या पावसाळ्यात मशीन दमट होऊन बंद पडते. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून रात्री त्यात ठेवतात.

औषधे आणि आहार : फिट्सची औषधे आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन एकाएकी बंद केले तर जिवावर बेतू शकते, ही औषधे पिशवीत सर्वांत वर असावीत. सोबत प्रिस्क्रिप्शनची प्रत हवी, कारण मनोविकारांच्या आणि फिट्सच्या बऱ्याच गोळ्या चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. न उघडलेले इन्सुलिन आणि हिमोफिलियात रक्त गोठावे म्हणून टोचायचे बरेचसे फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रिज बंद पडल्यास थर्मास चालतो, पण बर्फ कुपीला थेट लागू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वेळोवेळी घालून काढणाऱ्याला दर ४-६ तासांनी लघवी काढावी लागते, म्हणजे ३ दिवसांना १२ ते १८ वेळा. तेवढे कॅथेटर, जेल आणि हात पुसायचे साहित्य वेगळ्या बंद पिशवीत ठेवतात. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेने स्नायूंवर ताबा न राहिल्यामुळे) गिळायला त्रास होणाऱ्यांना चिवडा-बिस्किटांचा काही उपयोग नाही. सातूचे पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून शिजवल्यावाचून घट्ट करता येते, ते सर्वांत सोयीचे.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत लोक चुकीच्या टोकाला जातात : नवीन खेळणी, नवा खाऊ. मुलाला त्या वेळी ओळखीचे हवे असते. रोजचीच वाटी, जुनी चादर, कान झाकायचा हेडफोन आणि त्याच विशिष्ट बिस्किटाचे पुडे हे त्याचे आपत्कालीन साहित्य. गर्दीत हात सुटला तर उपयोगी पडावे म्हणून नाव, पालकांचा फोन आणि ‘मला बोलता येत नाही, ओरडू नका’ अशी एक ओळ लिहिलेले ओळखपत्र गळ्यात असावे.

दृष्टिहीनांनी जादा पांढरी काठी आणि जाड तळव्याचे बूट दाराशी ठेवावेत. साचलेल्या पाण्यात काठीला उघडे मॅनहोल वेळेवर लागेलच असे नाही; तिथे कोणाचा तरी खांदा धरणेच बरे. औषधांच्या पट्ट्या एकमेकींपासून ओळखू याव्यात म्हणून त्यांना वेगवेगळ्या संख्येने रबरबँड लावणे हा सोपा आणि पुरेसा उपाय आहे.

कागदपत्रे, कायदा आणि माणसे : यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), आधार, प्रिस्क्रिप्शन, रक्तगट आणि उपकरणांचे मॉडेल लिहिलेला कागद हे प्लास्टिकच्या पाकिटात असावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. त्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची माहिती ठेवायची असते आणि धोक्याची सूचना त्यांना पोचवायची असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कायदा चांगला आहे, पण भोंगा कर्णबधिराला ऐकू येत नाही आणि लाऊडस्पीकरची गाडी गल्लीत शिरत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू आणि समोरचा दुकानदार अशी दोन माणसे आधीच ठरवून, त्यांना एक किल्ली देऊन ठेवणे हा संचाचाच भाग मानावा. आपल्याला कसे उचलायचे, कुठे धरायचे नाही, हे त्यांना आधी एकदा दाखवलेले असावे. १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष), ११२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत; बोलता न येणाऱ्यांनी पत्त्यासह मेसेज लिहून मोबाइलमध्ये जपून ठेवावा, म्हणजे त्या दोन माणसांना तो लगेच धाडता येतो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर आजारी माणसाला रस्त्यापर्यंत झोळीतून आणावे लागते. तिथे मजबूत चादर आणि बांबू हेच पहिले साहित्य. या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी नेहमीपेक्षा जास्त साठवावे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो. शहरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला, म्हणजे आता २०२७ च्या पावसाळ्यात, पंचवटी आणि रामकुंड परिसरात वाहने बंद राहतील. काळजी घ्यायला बाहेरून येणारी बाई, सिलिंडर भरून देणारा, रुग्णवाहिका या सर्वांनाच त्या दिवसांत उशीर होणार हे धरून त्या भागातल्या घरांनी आठवड्याचा साठा करावा.

देखभाल : मे महिन्यात वाळवणे आणि धान्याची बेगमी होते, तेव्हाच संच उपसून पाहणे सोयीचे पडते. औषधांच्या मुदती पाहायच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायचे, मुलाच्या मापाचे डायपर बदलायचे. दुसरी तपासणी दिवाळीच्या सफाईत. मुदत जवळ आलेली औषधे फेकायची नसतात. ती रोजच्या वापरात घेऊन त्या जागी नवी ठेवतात.